संक्रांतीचा लाडू आणि तीन रिपोर्ट: फल्लीच्या ॲलर्जीसाठी कोणती रक्ततपासणी मानावी?

पत्र (संक्षेपाने): मी यवतमाळ जिल्ह्यातील एका लहान गावात अंगणवाडी सेविका आहे. माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. पोह्यांतले शेंगदाणे तो लहानपणापासून वेचून ताटलीच्या कडेला ठेवतो. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या घरी त्याने तीळ आणि फल्लीच्या (शेंगदाण्याच्या) कुटाचा अर्धा लाडू खाल्ला. बायका वाण घेऊन उठायच्या आतच त्याचे ओठ सुजले, अंगभर गांध्या उठल्या आणि एक उलटी झाली. महिन्याभराने त्याने फल्लीच्या चटणीचा चमचा चाटला, तेव्हा पुन्हा गांध्या उठल्या. मार्चच्या जत्रेत मात्र तिळाची रेवडी खाऊन काही झाले नाही. सासूबाई म्हणतात, हे उष्णतेचे पित्त आहे. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितले. पहिल्या रिपोर्टात एकूण आयजीई ६४० आणि शेंगदाण्याचे आयजीई ४.८ आले. खात्री करावी म्हणून दिरांनी दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासले, तर शेंगदाण्याचे ११.२ आले. त्यानंतर एका शिबिरात नव्वद पदार्थांची तपासणी करून घेतली. तिच्यात गहू, दूध, तूर, हरभरा, सोयाबीन असे सगळे लाल रंगात आहे आणि शेंगदाणा मात्र हिरव्या रंगात. आता कोणता रिपोर्ट खरा मानायचा? आठ महिन्यांच्या मुलीचेही रक्त तपासावे का?

उत्तर:

ताई, आपण तिन्ही रिपोर्टांच्या प्रती जोडल्या, हे फार चांगले झाले, कारण या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या कागदांच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेले आहे. पत्रावरून निदान करता येत नाही, ते आपल्या डॉक्टरांनीच करायचे आहे. परंतु कोणत्या कागदाला किती वजन द्यावे, एवढे मात्र नक्की सांगता येईल.

शिबिरातला रिपोर्ट प्रथम बाजूला ठेवावा, आणि तो बाजूला का ठेवायचा हेही समजून घ्यावे. त्यावर 'आयजीजी' असे छापलेले आहे, 'आयजीई' नव्हे. दोन्ही रक्तातली प्रतिपिंडे, म्हणजे बाहेरचा पदार्थ ओळखून त्याला चिकटणारी प्रथिने; पण अशी झटपट उठणारी ॲलर्जी घडवते ती आयजीई. अक्षर एकच बदलते, पण अर्थ पूर्णपणे वेगळा होतो. आपण जे अन्न नेहमी खातो, त्याच्याविरुद्ध शरीर आयजीजी प्रकारची प्रतिपिंडे तयार करतच असते. ही बहुधा ओळखीची खूण असते, आजाराची नव्हे. त्या कागदावर लाल रंगात काय आहे ते पुन्हा वाचून पाहा: गहू, दूध, तूर, हरभरा, सोयाबीन. ही यादी ॲलर्जीची नसून आपल्या घरात रोज काय शिजते याची आहे. आणि शेंगदाणा हिरवा का आला? मुलगा तो लहानपणापासून वेचून कडेला ठेवतो म्हणून! जो एकच पदार्थ त्याच्या जिवाला धोका ठरू शकतो, त्याला या रिपोर्टाने निर्धोक ठरवले आहे. अन्नाच्या ॲलर्जीच्या निदानासाठी आयजीजी चाचणी वापरू नये, असे युरोपातील ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ साली स्पष्टपणे सांगितले, अमेरिकेतील तज्ज्ञांचे मतही तेच आहे, आणि तरीही या चाचण्या गावोगावच्या शिबिरांतून विकल्या जातात, याचा मला मनापासून राग येतो.

हा राग केवळ पैशांपुरता नाही. काही वर्षांपूर्वी एक आई अशाच रंगीत कागदाची घडी घेऊन माझ्याकडे आली होती. कागदावरचे लाल शब्द वाचून तिने तीन महिने मुलाला पोळी, दूध, वरण सगळे बंद केले होते, आणि ते पोर भाताची पेज व साबुदाण्यावर होते. त्याच्या दंडाचा घेर मोजायला टेप काढावी लागली नाही, नजरेनेच कळत होते. वजनाचा तक्ता आपण दर महिन्याला भरता. वाढत्या मुलाच्या ताटातून गहू, दूध आणि डाळी एकदम काढल्या, तर त्या तक्त्यावरची रेघ कुठे वळते, हे आपल्याला माझ्याहून अधिक ठाऊक आहे. मुलगा जे आजवर निर्वेधपणे खात आला आहे, त्यातले काहीही बंद करू नये.

आता पहिल्या रिपोर्टातील ६४० हा आकडा. एकूण आयजीई म्हणजे रक्तातल्या त्या जातीच्या सर्व प्रतिपिंडांची बेरीज. ती फल्लीमुळे वाढते, तशी दम्याने, त्वचेच्या इसबाने, धुळीतल्या किड्यांच्या ॲलर्जीने आणि पोटातल्या जंतांनीही वाढते. १० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाला ज्या मुलांना आपण अल्बेंडाझोलची गोळी चावून खायला लावता, त्यांतल्या कित्येकांचे एकूण आयजीई या ६४० च्या आसपास किंवा वर असू शकेल, आणि त्यांपैकी कोणालाही फल्लीची बाधा नसेल. म्हणून या आकड्याने घाबरून जाऊ नये आणि त्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये.

राहिले ४.८ आणि ११.२. या दोन्ही चाचण्या योग्य जातीच्या आहेत, कारण त्या नेमक्या शेंगदाण्याविरुद्धचे आयजीई मोजतात. आयजीई हे प्रतिपिंड १९६६ मध्ये अमेरिकेत डेन्व्हर येथे काम करणाऱ्या इशिझाका या जपानी दांपत्याने ओळखले, स्वीडनमधील उप्साला येथे योहान्सन आणि बेनिक यांना ते स्वतंत्रपणे सापडले, आणि त्याचे आजचे नाव १९६८ मध्ये ठरले. रक्तातील विशिष्ट आयजीई मोजण्याची पहिली पद्धत किरणोत्सर्गी खुणेवर चालत असे आणि तिला 'रास्ट' म्हणत. ती पद्धत आता मागे पडली आहे, पण जुन्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ते नाव अजून दिसते, आणि त्याचा अर्थ 'विशिष्ट आयजीई तपासा' एवढाच घ्यायचा.

मग एकाच मुलाच्या रक्ताचे दोन आकडे का? आपल्या पहिल्या रिपोर्टाच्या तळाशी 'इम्युनोकॅप' असे लिहिले आहे आणि दुसऱ्याच्या तळाशी 'इम्युलाइट'. ही दोन वेगळ्या कंपन्यांची वेगळी यंत्रे आहेत. पहिल्यात शेंगदाण्याची प्रथिने स्पंजासारख्या घन पदार्थावर घट्ट बसवलेली असतात आणि रक्तातली प्रतिपिंडे येऊन त्यांना चिकटतात. दुसऱ्यात ती प्रथिने द्रवात मोकळी असतात. शेंगदाण्याचा अर्क काढण्याची रीतही प्रत्येकाची निराळी. दोन्ही यंत्रे 'किलोयुनिट प्रति लिटर' हेच माप छापतात, पण पूर्वी जशी एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळत नसे, तसेच हे आहे. एकाच रक्ताची दोन्हींवर तुलना केली गेली, तेव्हा इम्युलाइटचे आकडे इम्युनोकॅपपेक्षा मोठे आलेले आहेत. तेव्हा आपल्या मुलाची ॲलर्जी दोन रिपोर्टांच्या मधल्या दिवसांत दुपटीने वाढली, असे मुळीच नाही. दोन्ही रिपोर्ट आपापल्या मापाने बरोबर असू शकतात. त्यांची सरासरी काढू नये, आणि एका यंत्राच्या आकड्याला दुसऱ्या यंत्राची पट्टी लावू नये.

हे सांगायचे कारण असे की, शेंगदाण्याचे आयजीई १५ च्या आसपास किंवा त्याहून अधिक असेल, तर ॲलर्जी असण्याची शक्यता ९५ टक्के, असा एक आकडा डॉक्टरांच्या बोलण्यात आणि इंटरनेटवर आपल्याला भेटेल. तो इम्युनोकॅपवरचा आकडा आहे, आणि तो अमेरिका व ब्रिटनमधल्या ॲलर्जीच्या दवाखान्यांत आलेल्या मुलांवरून काढलेला आहे. दारव्हा किंवा घाटंजीच्या मुलाला तो जसाच्या तसा लागू होतो, असे धरून चालणे योग्य नाही. उलट १५ च्या खाली असलेला आकडा म्हणजे ॲलर्जी नाही, असाही त्याचा अर्थ होत नाही. रिपोर्टावर 'वर्ग ३' असे जे छापले आहे, ते केवळ ३.५ ते १७.५ या टप्प्याचे नाव आहे. तो वर्ग आजाराची तीव्रता सांगत नाही. आकडा मोठा असेल तर ॲलर्जी असण्याची शक्यता मोठी, एवढेच तो सांगतो. पुढच्या वेळी नुसत्या गांध्या उठतील की श्वास कोंडेल, हे यांपैकी कोणत्याही यंत्राला खात्रीने सांगता येत नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्याखेरीज या चाचण्यांची किंमत नीट कळणार नाही. रक्तात शेंगदाण्याविरुद्ध आयजीई सापडणे आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. इंग्लंडमधील मँचेस्टर येथे आठ वर्षांच्या मुलांचा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांच्या चाचण्या शेंगदाण्यासाठी सकारात्मक होत्या, त्यांच्यापैकी खरी ॲलर्जी असणारी मुले साधारण २२ टक्केच निघाली. बाकीची शेंगदाणे खाऊन सुखरूप होती. आपल्याकडे हे अंतर याहूनही मोठे दिसते. कर्नाटकातील प्रौढांच्या पाहणीत, जी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, सुमारे २६ टक्के लोकांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध आयजीई सापडले, पण अन्नाची ॲलर्जी असण्याचा संभव १.२ टक्के लोकांतच आढळला. म्हणूनच लक्षणे नसताना 'शाकाहारी पॅनेल' किंवा 'मांसाहारी पॅनेल' अशी भरगच्च तपासणी करून घेण्याच्या मी विरुद्ध आहे. त्यांतली चाचणी आयजीईची असली, तरी तूर, हरभरा, सोयाबीन ही फल्लीचीच शेंगवर्गीय भावंडे असल्यामुळे, आणि त्यांच्या प्रथिनांत साम्य असल्यामुळे, ती कागदावर एकमेकांच्या नावाने हजेरी लावतात, आणि मग ज्या डाळीवर आपले घर चालते, तीच बंद करावी लागेल असे वाटू लागते.

म्हणून माझ्या दृष्टीने आपल्या पत्रातला सर्वांत मौल्यवान पुरावा कोणत्याही प्रयोगशाळेतून आलेला नाही. लाडू खाल्ल्यावर काही मिनिटांत ओठ सुजणे, गांध्या आणि उलटी. पुन्हा चटणी चाटल्यावर गांध्या. आणि रेवडी खाऊन काहीही न होणे. लाडवात तीळही होता आणि तिळाचीही ॲलर्जी असू शकते, त्यामुळे संक्रांतीच्या एकट्या प्रसंगावरून दोष कोणाचा हे सांगणे कठीण होते. रेवडीने तिळाला सोडवले आणि चटणीने फल्लीला पकडले. अशा स्पष्ट हकिकतीला ४.८ ची जोड मिळते, तेव्हा निदानासाठी आणखी फारसे काही लागत नाही. हीच ४.८ ची नोंद रोज फल्ली खाणाऱ्या एखाद्या मुलाच्या रिपोर्टात आली असती, तर मी ती दुर्लक्षित करायला सांगितले असते. तिळाची वेगळी रक्ततपासणी करू नये. तो तीळ खातो आहे, तर खाऊ द्यावा. सासूबाईंना मात्र एवढे सांगावे की उष्णतेने येणारे पित्त असे दोन्ही वेळा फल्लीचीच वेळ साधून येत नाही.

आपल्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'आरा एच २' असे लिहून पुढे प्रश्नचिन्ह केले आहे, त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण रक्ततपासण्यांच्या तुलनेत आज सर्वांत उजवी ठरलेली तपासणी हीच आहे. भुईमुगाचे शास्त्रीय नाव 'ॲरॅकिस हायपोजिया'. त्यातल्या पहिल्या नावाची तीन अक्षरे, दुसऱ्याचे एक आणि मग क्रमांक, अशी शेंगदाण्यातल्या ॲलर्जीकारक प्रथिनांची नावे ठेवली आहेत. साधी चाचणी संपूर्ण शेंगदाण्याच्या अर्काविरुद्धचे आयजीई मोजते, आणि त्या अर्कात निरुपद्रवी प्रथिनेही येतात. घटक-चाचणी त्यांतले एकेक प्रथिन वेगळे काढून तपासते. 'आरा एच २' हे घट्ट विणीचे प्रथिन आहे. ते कढईत भाजून मोडत नाही आणि पोटातल्या पाचकरसांनाही सहजासहजी दाद देत नाही, त्यामुळे ते शाबूत राहून रक्तापर्यंत पोहोचते आणि खरा त्रास देते. 'आरा एच ६' त्याचेच जवळचे भावंड. याउलट 'आरा एच ८' हे प्रथिन युरोपातल्या बर्च नावाच्या झाडाच्या परागाशी साम्य असलेले आहे; तेवढेच सकारात्मक आले, तर बहुधा तोंडाला खाज सुटण्यापलीकडे काही होत नाही. खऱ्या ॲलर्जीची मुले आणि नुसताच कागदावर रंग उमटलेली मुले यांना वेगळे करण्यात 'आरा एच २' संपूर्ण अर्काच्या चाचणीपेक्षा अनेक अभ्यासांत सरस ठरले आहे. तरी ते नकारात्मक आले म्हणून फल्ली निर्धोक ठरत नाही, कारण काहींची ॲलर्जी 'आरा एच १', '३' किंवा '६' मुळेही असते.

मग ही चाचणी करावी का? खरे सांगायचे तर आत्ता नाही केली तरी चालेल. जिथे हकिकत संदिग्ध असते, म्हणजे मुलाने फल्ली कधी खाल्लीच नाही आणि आकडा मात्र आला आहे, तिथे तिचा खरा उपयोग. आपल्या मुलाच्या बाबतीत ती पुढे, ॲलर्जी ओसरते आहे का हे पाहताना, अधिक कामी येईल. करायची ठरली, तर तालुक्याच्या संकलन केंद्रात 'शेंगदाणा' एवढेच सांगून चालणार नाही, 'आरा एच २' हे नाव लिहून द्यावे लागेल. रक्त देण्यासाठी उपाशी राहण्याची गरज नाही, आणि सेट्रिझिनसारख्या ॲलर्जीच्या गोळ्याही थांबवाव्या लागत नाहीत. त्वचेवर टोचून पाहण्याच्या चाचणीपूर्वी मात्र त्या गोळ्या काही दिवस बंद ठेवाव्या लागतात.

बेसोफिल चाचणीचे नाव आपण कुठेतरी वाचले आहे. तिच्यात रक्तातल्या जिवंत पेशींना शेंगदाण्याचा अर्क दाखवून त्या चवताळतात का, हे पाहिले जाते. लंडनमधील २०१४ च्या एका अभ्यासात तिने ॲलर्जी असलेली आणि नसलेली मुले ९७ टक्के अचूकपणे ओळखली. परंतु तिच्यासाठी रक्त ताजे लागते, ते साधारण एका दिवसाच्या आत विशेष यंत्रावर जावे लागते, आणि काही जणांच्या पेशी उत्तरच देत नाहीत. आपल्या गावातून तो खटाटोप करण्यात अर्थ नाही. शेवटचा शब्द रुग्णालयात डॉक्टरांच्या नजरेखाली अगदी सूक्ष्म मात्रेपासून फल्ली खाऊ घालून पाहण्याच्या परीक्षेचा असतो, आणि दोन प्रसंग इतके स्पष्ट असताना आज ती करण्याचे कारण दिसत नाही. घरी मात्र 'थोडीशी देऊन बघू' हा प्रयोग कोणीही, कितीही प्रेमाने, करू नये.

मुलीविषयी थोडक्यात. तिला तीव्र इसब नसेल आणि अंड्याची ॲलर्जी नसेल, तर तिचे रक्त तपासू नये. तपासल्यास पुन्हा एक निरर्थक आकडा हाती येण्याचीच शक्यता अधिक. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील मोठ्या प्रयोगात जोखमीच्या ६४० तान्ह्या मुलांपैकी निम्म्यांना अकरा महिन्यांच्या आतच शेंगदाणा सुरू करण्यात आला. पाच वर्षांच्या वयात त्यांच्यापैकी ३.२ टक्क्यांना ॲलर्जी झाली, आणि ज्यांना तो टाळायला सांगितला होता त्यांच्यात १७.२ टक्क्यांना. तेव्हा डॉक्टरांना विचारून तिला बारीक वाटलेला कूट पातळ करून लवकर सुरू करावा. आख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत नको, तो श्वासनलिकेत अडकतो. तिला भरवताना भावाला दूर ठेवावे, आणि नंतर वाटी व हात साबणाने धुवावेत.

मुलासाठी दोन गोष्टी लगेच कराव्यात. आपल्याकडे हल्ली पुन्हा लाकडी घाण्याच्या फल्ली तेलाची आवड वाढली आहे. शुद्धीकरण केलेल्या तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, घाण्याच्या तेलात ते उरते. १९९७ च्या एका ब्रिटिश अभ्यासात ॲलर्जी असलेल्या ६० जणांपैकी ६ जणांना शुद्ध न केलेल्या तेलाने त्रास झाला, शुद्ध केलेल्या तेलाने कोणालाही नाही. म्हणून घाण्याचे तेल त्याच्या स्वयंपाकातून काढावे. दुसरी गोष्ट म्हणजे, आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तीव्र ॲलर्जीत जीव वाचवणारे ॲड्रेनलिनचे इंजेक्शन हाताशी आहे ना, हे स्वतः जाऊन पाहून यावे, आणि मुलाचे वजन घेऊन त्याची मात्रा डॉक्टरांकडून लिहून घ्यावी: दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १५ किलोच्या मुलाला एक-हजारी (१:१०००) द्रावणाचे ०.१५ मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. पुन्हा घरघर, आवाज बसणे, ग्लानी किंवा सतत उलट्या दिसल्या, तर सेट्रिझिन देऊन वाट पाहत बसू नये. त्याला आडवे करावे, श्वास लागत असेल तर बसते ठेवावे, आणि १०८ ला फोन करावा.

शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या पाचपैकी साधारण एका मुलाची ती मोठेपणी जाते. म्हणून वर्षभराने पुन्हा तपासावे, आणि त्या वेळी रक्त देण्यापूर्वी प्रयोगशाळेला यंत्र कोणते, हे विचारावे. इम्युनोकॅप असेल तरच तो नवा आकडा या ४.८ च्या शेजारी ठेवता येईल. तेव्हा 'आरा एच २' ही सोबत करून घ्यावे. पहिला रिपोर्ट अंगणवाडीच्या लसीकरण कार्डासोबत फाइलला लावून ठेवावा, ११.२ चाही ठेवावा, फक्त त्यावर यंत्राचे नाव ठळक लिहावे. शिबिराचा रंगीत कागद फाइलमध्ये ठेवू नये, कारण उद्या एखाद्या घाईत असलेल्या डॉक्टरांनी शेंगदाण्यासमोरचा तो हिरवा चौकोन पाहिला, तर ते फसतील.